तेवीस भुंगेऱ्यांची लेबलं

कोणी भुताखेतांचं काढलं की मी विषय बदलणारी बाई. बौद्ध घरातली, त्यातून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच चमत्कारिक वाटतंय. पण घडलं ते सांगते.

परळच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथेच माझे बाबा लॅब अटेंडंट होते. मी चार वर्षांची असताना ते गेले. आई सांगते, रविवार आला की ते जाळी घेऊन किडे पकडायला निघायचे आणि गुडघाभर चिखल घेऊन लालबागला परत यायचे. कुठे गेला होतात, हे तिने कधी विचारलं नाही. चिखलावरून भांडण्यातच वेळ जायचा. किडे पकडले बाबांनी, पेटीत लावले बाबांनी, लेबलवर नाव मात्र विभागातल्या सरांचं. याचा मला राग आहे. लपवत नाही.

गेल्या वर्षी हा संग्रह नव्या काचपेट्यांत मांडायचं ठरलं. काम मी मागून घेतलं. एका पेटीत ओल शिरली होती – तेवीस बारीक भुंगेरे शाबूत, पण लेबलांची शाई पसरून नुसते निळे डाग उरलेले. कुठे सापडला, कधी, कोणाला – एवढं नसेल तर आमच्या शास्त्रात त्या किड्याला काही किंमत नाही.

हेड मॅडम म्हणाल्या, "माहिती नसेल तर टाकून द्या ती पेटी. नाहीतर जागा मुंबई लिहा, खाली सरांचं नाव. त्यांचंच कलेक्शन आहे ना?"

"मॅडम, ते माझ्या बाबांचं आहे."

"प्रूफ आहे का काही?"

नव्हतं. पण पेटी टाकणार नाही आणि सरांचं नावही घालणार नाही, हे मी तिथेच ठरवलं.

पुढचं घडलं ते भर दुपारी, दीड वाजता. माझी सहकारी नेहा शेजारी डबा खात होती. मी नवी लेबलं लिहायला घेतली आणि लिहीतच सुटले. वडाळा, मिठागराचा बांध. भायखळा, भाजीबाजाराची मागची बाजू. महिना, साल... सगळं. नावाची ओळ तेवढी कोरी राहिली.

"कशावरून उतरवतेयस गं?" नेहाने विचारलं.

"हे काय, जुन्या लेबलांवरून."

तिने चिमट्याने एक लेबल उचलून माझ्यापुढे धरलं. "यावर काय दिसतंय तुला?"

निळा डाग. बाकी काही नाही.

"फाडून टाक," ती म्हणाली. "मनचं लिहिलंयस. उद्या कोणी फ्रॉड म्हणेल."

बरोबर होतं तिचं. पण बाबांचं काम नीट तपासल्याशिवाय मी ते सोडणार नव्हते. इतके छोटे भुंगेरे टाचणीने फुटतात, म्हणून ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवतात. ते सोडवून खालच्या बाजूनेही तपासायचे होते, म्हणून डिंक मऊ व्हायला मी सगळे ओल्या वाळूच्या बरणीत ठेवले. दोन दिवसांनी पहिला भुंगेरा सोडवायला गेले तर पुठ्ठाच सुटला... तो दोन पदर चिकटवून केलेला होता. आतल्या बाजूला पेन्सिलीची बारीक अक्षरं. भिंग धरलं. वडाळा, मिठागराचा बांध. महिना, साल. खाली – सु. जाधव.

माझे बाबा. सुदाम जाधव.

मी हेड मॅडमना बोलावलं आणि उरलेले बावीस त्यांच्यासमोर सोडवले. नेहा माझी लेबलं वाचत होती, मॅडम भिंगातून पुठ्ठे. एकही चुकलं नाही. शेवटी मॅडम एवढंच म्हणाल्या, "लिहा नाव."

लहानपणी कानावर पडलं असेल म्हणावं, तर हे किडे माझ्या जन्माआधीचे आणि आईलाही जागा ठाऊक नाहीत. जुनी लेबलं आम्ही मायक्रोस्कोपखाली घालून पाहिली, एक अक्षर लागलं नाही. उत्तर माझ्याकडे नाही. शोधायचं सोडलेलंही नाही.

नवी काचपेटी मांडून झाली त्या दिवशी आईला कॉलेजात घेऊन गेले. तिने चष्मा पुसला, काचेला नाक लावलं.

"एवढं बारीक मला नाही दिसत. तू वाच."

मी पहिलं वाचलं. जागा, महिना, साल, सुदाम जाधव.

"पुढचं?"

तेवीसच्या तेवीस तिने वाचून घेतली. नाव दर वेळी तेच होतं, तरी ते येईपर्यंत ती मला थांबू देत नव्हती.