फरक

आमच्या नारळीच्या वाड्यांतले पंप दुरुस्त करणारा हा माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही. लाइट बंद केली म्हणून कितीही सांगा, तो टेस्टर लावून बघतोच. एकाने बंद पडलेल्या मोटारीपुढे नारळ फोडला, तर हा म्हणाला, "वायंडिंग जळलाय. नारल चटनीला घ्या."

त्याच्या बायकोचा उजवा हात लकव्याने गेला. तेव्हापासून दर अमावास्येला तो एसटीने रोह्याच्या पुढे जातो आणि एका वैदूकडून काळपट तेलाची बाटली आणतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अलिबागला हाताचे व्यायाम करून घेतात, तिकडे न्या, म्हणून त्याच्याशी पुष्कळ भांडलो. आता दमलो. "फरक हाय," एवढंच तो म्हणतो, वर न बघता, स्क्रू पिळत.

काल त्यांच्याकडे गेलो होतो. तो चहा टाकायला आत गेला, तशी वहिनी हळूच म्हणाल्या, "तेलानं काय व्हतंय, सर? पन त्यांना बोलू नका. त्यांचा जीव त्या बाटलीत हाय."

चहा देऊन तो त्यांचा हात मांडीवर घेऊन बसला आणि तेल चोळू लागला. बोटं होती तशीच पडून होती. त्याने माझ्याकडे टेस्टरकडे बघावं तसं बघितलं.

"तुमीच सांगा सर. फरक हाय ना?"

"आहे की," मी म्हणालो.

त्याने विश्वास ठेवला नाही. ठेवतो कधी! बाटलीतलं आणखी थोडं तेल तळव्यावर घेतलं आणि पुन्हा चोळू लागला.