पाटी न लावलेली गाडी

फौजेत मी व्हेइकल मेकॅनिक होतो. सोळा वर्षं नोकरी केली आणि हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आठवणी सांगा म्हटलं की लोकांना गोळीबार हवा असतो. माझ्याकडे सांगायला जॅक, पाने आणि काळं झालेलं तेल आहे. तरी मी एक माणूस गमावला, आणि तो सीमेवर नाही, आपल्या बीड जिल्ह्यात. त्याचं सांगतो.

माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. ट्रान्सपोर्टच्या गाड्यांसाठी पत्र्याच्या शेडमधलं छोटं वर्कशॉप. ०४३० ला उठायचं, ०५०० ला गाड्यांची तपासणी, ०६०० ला कॉन्व्हॉय रवाना. तिथंच लान्स नाईक उत्तम साळवे भेटला. ड्रायव्हर, राहणार चकलांबा. मी उमापूरचा, म्हणजे एकाच गेवराई तालुक्यातले. माझं बोलणं ऐकून तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "उस्ताद, तुमी तर आपल्याकडचे निघाले की!"

आमच्याकडे एक नियम होता. गाडी मेकॅनिकच्या मनास आली नाही तर तो स्टिअरिंगला लाल पाटी अडकवायचा. पाटीवर लिहिलेलं असायचं 'ऑफ रोड'. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. पाटी असताना गाडी कुणी हलवायची नाही, मग त्याच्या खांद्यावर कितीही फिती असोत.

एका सकाळी उत्तमची पाच टनी गाडी स्टिअरिंग फिरवताना कण्हत होती. पॉवर स्टिअरिंग म्हणजे तेलाचा जोर. पंप तेल ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं. तेलात हवा शिरली की ते फेसाळून पांढरं दिसतं आणि जोर बसत नाही. स्टिअरिंग कधी लोण्यासारखं फिरतं, तर कधी ऐन वळणावर दगड होतं. मी पाटी अडकवली, पुढची चाकं जॅकवर उचलली, डबीत तेल भरलं आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवू लागलो. डबीत बुडबुडे येत होते. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून तेच पुन्हा करायचं आणि नंतर तेल निवू द्यायचं. यात घाई चालत नाही.

०५४० ला कॅप्टनसाहेब आले.

"किती वेळ?"

"एक तास, सर."

"कॉन्व्हॉय सहाला निघतो."

"ही गाडी निघणार नाही, सर. तेल अजून पांढरं आहे."

त्यांनी डबीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे. पाटी राहू दे." आणि वायरलेसवर म्हणाले, "चार्ली फोर ऑफ रोड. एक गाडी कमी. ओव्हर."

उत्तम तीच गाडी खाली पोचवून सुट्टीवर जाणार होता; गाडी थांबली म्हणजे ड्रायव्हरही थांबला. पुढचा कॉन्व्हॉय तीन दिवसांनी होता, त्यामुळे त्याच्या बहिणीचा साखरपुडा चुकला. त्यानं मला माझ्या तोंडावर आईवरून शिवी दिली. मी ऐकून घेतली. सुट्टीवरून येताना मात्र त्यानं माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली आणि म्हणाला, "उस्ताद, आता मी निसती तुमची पाटी बघत जाईन. पाटी न्हाई म्हंजी गाडी चांगली. दुसरं काय बघायचंच न्हाई." पुढची सहा वर्षं तो तसाच वागला. त्या रस्त्यांवर त्यानं एका गाडीला ओरखडा येऊ दिला नाही.

दोघंही पेन्शनवर आलो. मला आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संघात, दूध थंड करायच्या यंत्रांवर, फिटरची नोकरी लागली. मीच शब्द टाकला म्हणून उत्तमला तिथं ड्रायव्हर घेतलं. हे मुद्दाम सांगतो.

मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि संघाचा दुधाचा टँकर पाण्याला लावायचं ठरलं. विचार चांगला होता. टँकर जुना होता. त्याचं स्टिअरिंग कण्हत होतं. मी गाडीचं रजिस्टर काढलं. महिनाभर रोज एकच ओळ, 'स्टिअरिंग ऑइल टाकले, ओके.' तेल रोज कमी होतंय आणि रोज टाकतोय, ते जातं कुठं आणि त्याच्या जागी काय येतं, हे तीस दिवसांत एकाही सही करणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. ते पान बघून मला शिसारी आली. खाली सही मॅनेजरची होती, मागच्या ड्रायव्हरची होती आणि दोन ठिकाणी शिपायाचीही होती.

टँकर निघायचा त्या दिवशी मी ०७३० ला काम धरलं. दोष सापडला. डबीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप टोकाला तडकला होता. तिथून तेल झिरपत होतं आणि पंप हवा ओढत होता. तडकलेलं टोक कापलं, नवीन क्लिप आवळली, चाकं उचलली आणि हवा काढायला लागलो. इंजिन बंद ठेवून करायचं काम झालं होतं. इंजिन चालू करून करायचं बाकी होतं. डबीतल्या तेलावर ताकावर येतो तसा फेस होता.

०९२० ला मॅनेजर आला. हातात गुंडाळलेला बॅनर.

"हवालदार, जॅक खाली घ्या. बॅनर बांधायचाय. चेअरमनसाहेब निघालेत."

"अर्धा तास द्या. तेलात हवा हाय."

"अर्धा तास? साहेब दारात येऊन उभे राहिले तर? घ्या, घ्या खाली. पाणी द्यायला चाललीय गाडी, लढाईला न्हाई."

मी जॅक खाली घेतला.

कॅप्टनला नाही म्हणणारा माणूस मी. पण तिथं माझ्या मागं नियम होता. इथं गावात राहायचं होतं, नोकरी टिकवायची होती आणि मॅनेजर चेअरमनच्या घरचा होता. एवढ्याशा गोष्टीला मी भ्यालो. मला माझीच किळस येते, आणि ती कमी होत नाही.

बॅनर गाडीच्या नाकावर बांधला, बरोबर पुढच्या जाळीवर. तेलाची डबी त्या जाळीच्या मागं असते. बॅनरवर चेअरमनचा फोटो हातभर, त्याखाली संचालकांचे फोटो आणि सगळ्यात खाली 'पाणी' हा शब्द. चेअरमन आले ११४० ला. म्हणजे मला अर्धा तास नव्हता आणि गाडी दोन तास वीस मिनिटं हार घालून उन्हात नुसती उभी होती. मी मॅनेजरकडे गेलो.

"दोरी सोडून दहा मिनिटं जाळी उघडू द्या."

"फोटो व्हायचेत अजून. तुमी कावून सारखं तेच धरून बसलाय?"

भाषणं १३१० पर्यंत चालली. पाण्याच्या थेंबाथेंबाचं मोल यावर चेअरमन पाऊण तास बोलले. समोर मांडवात गार पाण्याचे जार होते आणि अर्धे पेले उष्टे टाकलेले होते. १३१५ ला नारळ फुटला. उत्तम गाडीत चढला. इस्त्रीचा शर्ट, छातीशी संघाचा बिल्ला. खिडकीतून डोकं बाहेर काढून हसला.

"उस्ताद, पाटी न्हाई ना?"

मॅनेजर शेजारी उभा होता. मी म्हणालो, "न्हाई." मग म्हणालो, "वळणावर हळू घे."

"आपलाच रस्ता हाय की," तो म्हणाला आणि गेला.

१४०५ ला फोन आला. चकलांब्याच्या अलीकडे पूल आहे, खाली कोरडा ओढा. पुलाच्या तोंडाशीच वळण आहे. टँकर वळलाच नाही. सरळ कठड्याला धडकून खाली उलटला. मी मोटारसायकलवर पोहोचलो तेव्हा उत्तमला बाहेर काढून बाभळीखाली ठेवलं होतं. तो गेला होता. दोन्ही हातांचे अंगठे उलटे झाले होते. म्हणजे शेवटपर्यंत तो स्टिअरिंग ओढत होता.

मी खाली उतरलो. नाकावरचा बॅनर अर्धा फाटून लोंबत होता. तो बाजूला करून जाळी उघडली. गाडी आडवी असल्यानं डबीतलं बरंचसं तेल सांडलं होतं. उरलेलं बोटावर घेऊन पाहिलं. पांढरं होतं.

ओढ्यात चिखल झाला होता. बाया घागरी घेऊन आल्या होत्या. त्यातली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन रडायला लागली. म्हणाली, "बाबा, त्याला काढायला बापे व्हते. पाणी वाहून चाललं व्हतं. म्या घागर भरून घेतली. लई पाप झालं का रं?"

"न्हाई, आजी," मी म्हणालो. "तुमी न्हाई केलं."

चौकशीत मॅनेजरनं रजिस्टर दाखवलं. त्या दिवसाच्या रकान्यात त्यानंच लिहिलं होतं, 'स्टिअरिंग दुरुस्त केले, ओके,' आणि खाली माझं नाव. निष्कर्ष निघाला की ड्रायव्हरचा ताबा सुटला. ज्याचा ताबा बर्फात सहा वर्षं सुटला नाही, त्याचा दिवसाढवळ्या स्वतःच्या गावाजवळ सुटला म्हणे. मी जबाब लिहून दिला, त्यात जॅकपासून बॅनरपर्यंत सगळं लिहिलं आणि माझाही दोष लिहिला. तो कागद कुठं गेला ते मला ठाऊक नाही. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली.

दहाव्या दिवशी संघाच्या फाटकावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला. चेअरमनचा फोटो पुन्हा हातभर. उत्तमचा कोपऱ्यात, ओळखपत्रावरचा, तोही ताणून लांबट झालेला. नावासमोर रँक नव्हती. मी मॅनेजरच्या देखत दोऱ्या कापल्या आणि बॅनर घरी आणून चुलीत घातला. घरभर प्लास्टिकची घाण सुटली आणि बायको दोन दिवस बोलत राहिली.

युनिटच्या स्मारकावर उत्तमचं नाव नाही. असणारही नाही, तो फौजेच्या ड्युटीवर असताना गेला नाही. म्हणून इथं लिहितो. लान्स नाईक, ड्रायव्हर, उत्तम साळवे, चकलांबा. गाडी हलवण्याआधी त्यानं मला पाटीचं विचारलं होतं.