नदीपलीकडच्या माणसांचं नाटक

अप्पा गुलबर्ग्याच्या स्टेशनावर सफाईच्या कामाला होते आणि आम्ही बिदरकडच्या मंठाळ गावात. पंधरा दिवसांतून एकदा ते बस बदलत बदलत घरी यायचे, तेव्हा त्यांच्या पिशवीच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली, चित्रांची पुस्तकं असायची. मुंबईहून मद्रासला जाणारी माणसं ती वाचून बाकड्यावर टाकून जायची. कुणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कुणाची शेवटची पानं गेलेली, कुणावर चहाच्या कपाचा गोल डाग. अप्पांना स्वतःला वाचायला फारसं येत नव्हतं. दीक्षा घेतल्यानंतर ते सही करायला शिकले होते, तेवढंच. पण छापलेला कागद ते केरात टाकत नसत. "कुणीतरी लिव्हलेलं हाय की त्येच्यावर," म्हणायचे.

त्या पुस्तकांतले रंग आमच्या गावात नव्हतेच. त्यातलं आभाळ इतकं निळं असायचं की पान मिटून वर बघितलं तर आपलं आभाळ धुऊन धुऊन विटल्यासारखं वाटायचं. दुपारी आई शेतात गेली की मी उंबऱ्याच्या आत, सावलीच्या कडेला पालथी पडून वाचत असे. पुस्तकं हिंदीत असायची, ती वाचता यायची. अडलेला शब्द गावात बोलल्या जाणाऱ्या उर्दूच्या आधाराने निघायचा. वाचता वाचता डोळा लागायचा आणि जाग आल्यावर पानावरचं कुठलं नि स्वप्नातलं कुठलं, ते मला वेगळं करता यायचं नाही. ते अजूनही नीट जमत नाही. आज मी त्यातली एक गोष्ट सांगते, तेव्हा त्यात माझं बरंच मिसळलेलं असणार.

गोष्ट अशी होती. एक मोठं शहर, त्याला लागून नदी, नदीवर पूल. पुलाच्या पलीकडे खडकातल्या गुहांत काही माणसं राहायची. त्यांच्यातल्या एका बाईच्या तळहातातून उजेड यायचा. एका पोरीला जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं. एका म्हाताऱ्याला उद्या काय होणार ते आजच कळायचं, म्हणून तो नेहमी दमलेला असायचा. शहरातल्या लोकांना या माणसांची भीती वाटायची. पुलावर पहारा होता. पण शहरात आग लागली, भिंत कोसळली की हीच माणसं गुपचूप पूल ओलांडून यायची, सगळ्यांना वाचवायची आणि परत गुहेत जायची. म्हातारा म्हणायचा की एक दिवस आपण आणि ते एकाच काठावर राहू. तो दिवस आला की नाही, ते मला कळलं नाही, कारण त्या भागाची शेवटची पानं कुठल्यातरी बाकड्यावर सुटून गेली होती.

ही गोष्ट माझ्याइतकीच आणखी एकीला पाठ होती. मराठी शाळेतल्या गुरुजींची मुलगी. आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. तिचं घर गावात, आमचं गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. चित्रांच्या ओढीनं ती आमच्या गल्लीत यायची आणि उंबऱ्यावर बसायची. आत पाय कधी टाकायची नाही, आणि मीही कधी ये म्हटलं नव्हतं. मी आत पालथी, ती उंबऱ्यावर, पुस्तक दोघींच्या मधे. तिच्या बाजूने ऊन पडायचं, माझ्या बाजूने सावली. पान उलटायच्या आधी एकमेकींकडे बघायचं, हा नियम होता.

एकदा अप्पा सुट्टीवर असताना आम्ही दोघींनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. ते अंगणात सायकलीची साखळी पुसत होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय, पण ज्याच्या हातात उजेड न्हाई, त्याला पुलावरून येऊ देतेत का?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"त्यांच्यात सगळ्यांकडंच कायतरी असतंय, अप्पा," मैत्रीण म्हणाली.

"मग आमच्याकडं काय हाय?" अप्पा हसून म्हणाले आणि परत साखळीला लागले.

ते हसले, पण मी आठवडाभर शोधत राहिले. तुरीच्या शेतात बांधावर आडवी होऊन जमिनीला कान लावायची. आत कसलातरी घुमणारा आवाज यायचा, तो पाण्याचा की माझ्याच रक्ताचा, ते ठरवता यायचं नाही. तूर डोक्याच्या वर वाढलेली, पिवळ्या फुलांवर माश्या, वरून ते विटकं आभाळ. वाटायचं, आत्ता अंग हलकं होईल, आत्ता मी या फुलांच्या वर उचलली जाईन, आणि खालून अख्खं गाव मान वर करून बघेल. तसं काही झालं नाही. एकदा आईने बांधावर झोपलेली बघून पाठीत धपाटा घातला आणि विंचू चावला असता म्हणून स्वतःच रडायला लागली.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगसाठी गुरुजी नाटक शोधत होते. मैत्रिणीने त्यांना आमची गोष्ट सांगितली. गुरुजींनी ती दोन दिवसांत लिहून काढली आणि हरवलेल्या शेवटाच्या जागी स्वतःचा शेवट घातला. शहराला आग लागते, गुहेतली माणसं ती विझवतात, उजेडाच्या हातांची बाई तहानेनं वेशीपाशी खाली बसते, शहराचा प्रमुख तिला पाणी देतो आणि म्हणतो, आजपासून हा पूल सगळ्यांचा.

कोण काय होणार हे ठरवताना गुरुजी बराच वेळ वहीत बघत राहिले. मुलगीच बोलली. "मी हातातल्या उजेडाची बाई. आणि ही प्रमुख."

"कामून?" मी विचारलं. मला ती बाई व्हायचं होतं. वर्षभर तेच तर व्हायचं होतं.

"कारण मला ती व्हायचंय," ती म्हणाली.

गुरुजींनी मान डोलावली. त्यांचा काळा कोट आणि टोपी मला द्यायचं ठरलं. टोपी त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर ठेवली, मागे सरकून बघितलं, परत पुढे येऊन सरळ केली. कोटाला खडूचा आणि कापराचा वास होता. बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबायच्या.

नाटक शाळेच्या पटांगणात, दुपार कलल्यावर झालं. चार बाकं जोडून पूल केला होता. गाव समोर बसलं होतं. आमच्या गल्लीतली माणसं मागे, लिंबाच्या झाडाखाली. अप्पा रजा काढून आले होते आणि धुतलेला सदरा घालून त्यांच्यात बसले होते.

मैत्रीण पुलावर आली. तिने दोन्ही तळहातांना आरशाचे तुकडे बांधले होते. सूर्य तिच्या समोर, शेतांच्या कडेला उतरलेला. ती हात हळूहळू फिरवायला लागली आणि उजेडाचे दोन तुकडे माणसांवरून चालत गेले. पुढच्या रांगेतल्या पटक्यांवरून, बायकांच्या पदरांवरून, मग मागे, लिंबाखाली. लहान पोरं त्यांना धरायला उठली. अप्पांच्या चेहऱ्यावर उजेड थांबला, त्यांनी डोळे मिचकावले आणि हात आडवा धरला. ते सगळं इतकं सावकाश झालं, की आज आठवलं तर मला त्यात आवाजच ऐकू येत नाही.

मग आग लागली, विझली. बाई वेशीपाशी खाली बसली. माझी पाळी. मी लोंबत्या बाह्या सावरत तांब्या उचलला आणि तिच्यापुढे गेले. सरावात तांब्या नव्हता, नुसता हात पुढे करायचा होता. आज त्यात खरं पाणी होतं. मी तांब्या उंच धरला आणि पाणी वरून सोडलं. तिने आपोआप ओंजळ पुढे केली. आरशांवर पाणी पडून ते चमकलं आणि कोपरावरून खाली गळायला लागलं.

पाणी प्यायचं सोडून तिने माझ्याकडे वर बघितलं. नाटकात नसलेलं वाक्य ती बोलली. "वरून नको ओतू. तांब्या दे."

मला वाटलं, मी काहीतरी चुकले. मी पडद्याच्या कडेला गुरुजींकडे बघितलं. त्यांनी वही मिटून छातीशी धरली होती.

"तांब्या दे की," ती परत म्हणाली.

मी दिला. तिने दोन्ही हातांनी धरून, तोंड लावून, सगळ्या गावासमोर पाणी प्यायलं. पुरतं प्यायली. पुढे बसलेल्या काकूंनी, तिच्या आईने, पदर तोंडाला लावला. कुणीतरी खाकरलं. मी माझं वाक्य बोलले, आजपासून हा पूल सगळ्यांचा, पण माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. टाळ्या आधी मागून वाजल्या, मग पुढून थोड्या.

घरी जाताना ओढ्यात उभं राहून अप्पांनी विचारलं, "तू वरून कामून ओतलंस, बाई?"

"पाणी असंच देतेत की, अप्पा," मी म्हणाले. मला खरंच दुसरं काही माहीत नव्हतं. गावातल्या कुठल्याही दारात मला पाणी तसंच मिळायचं. बाहेरच्या माणसाला पाणी द्यायची तीच रीत असते, असं मी धरून चालले होते. शहराचा प्रमुख झाल्यावर मी तेच केलं.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता. पाणी आमच्या घोट्यांवरून जात होतं.

पुढे काही मोठा तमाशा झाला नाही. चावडीपाशी एकाने गुरुजींना अडवून विचारलं, "पोरींना असलं कामून शिकवायलाव?" गुरुजी म्हणाले, "मी शिकवलं न्हाई. त्याचंच वाईट वाटायलंय मला." काकूंनी आठ दिवस मुलीला आमच्याकडे येऊ दिलं नाही. नवव्या दिवशी ती आली, आणि उंबऱ्यावर न बसता सरळ आत येऊन माझ्याशेजारी पालथी पडली. आई चुलीपाशी होती. तिने एकदा वळून बघितलं आणि परातीत थोडं आणखी पीठ घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींची बदली निर्ण्याला झाली. दोघींच्या मधे पत्रं राहिली, मग पत्रंही विरळ झाली.

गुलबर्ग्याला कॉलेजात आम्ही परत भेटलो, तेव्हा तिने मला मागून ओळखलं. चालण्यावरून, म्हणाली. वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून दोघींनी मिळून खोली शोधायची ठरवली. अप्पांची राहायची जागा स्टेशनामागे चार माणसांत होती, तिथे जमण्यासारखं नव्हतं. एक घर फार आवडलं. गच्चीवरची खोली, खाली तुळस, मालकीणबाई गोड बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणापैकी?"

मैत्रीण पटकन म्हणाली, "आम्ही दोघी मावसबहिणी."

त्या क्षणी मला कुणीतरी डोक्यावरून चादर टाकल्यासारखं झालं. चादर उबदार होती, आत राहता आलं असतं. पण मी म्हणाले, "न्हाई मावशी. ही आमच्या गुरुजींची मुलगी. आमचं घर बौद्धांचं."

खोली कालच दिली गेल्याचं बाईंना तेव्हा आठवलं.

रस्त्यात मैत्रीण चिडली. "गप बसली असतीस तर झालं असतं. मी सांभाळून घ्यायले होते ना?"

"सांभाळून कामून घ्यायचं? मला नुसतं राहायचंय."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकापाशी उभी होती. म्हणाली, "डाळीच्या मिलच्या वर एक खोली बगितलीय. मी आधीच सांगून आले, आम्ही कोण कोण हाव ते. मालक म्हणला, भाडं देता का न्हाई तेवढं सांगा." आणि मग, दुसरीकडे बघत, "माझं चुकलं."

त्या खोलीत आम्ही तीन वर्षं काढली. आम्ही भांडलो, एकमेकींचे कपडे घातले, तिच्या कांजण्यांत मी आणि माझ्या तापात ती जागली. काकू एकदा आल्या, कोपऱ्यात अवघडून बसल्या, आणि जाताना माझ्या हातचा भात डब्यात भरून घेऊन गेल्या. आता ती गुलबर्ग्यालाच शिकवते, मी बिदरला असते.

कधी दुपारी डोळा लागताना मला ती खोली दिसते. खाली मिलचा पट्टा सुरू झाला आहे, जमीन हलकीशी थरथरते आहे, तुरीची पिवळी धूळ खिडकीतून येऊन चादरीवर, वह्यांवर, तिच्या सुटलेल्या वेणीवर बसते आहे. ती झोपली आहे. मला पुढचा धडा वाचायचा आहे, पण उठावंसं वाटत नाही.