मामाजींचा मुकुट आणि माझा पूर्ण फीड

आता हे सांगू की नको, असं झालंय. पण तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा सांगतोच. बसल्या जागेवरून सासऱ्याच्या डोक्यावरचा मुकुट उतरवणारा जावई अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात मी एकटाच असेन!

माझं गोंदियात स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी ब्लॉग लिहितो. विषय एकच, मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दुपारी गावच्या हौशी मंडळींचं नाटक होतं आणि रात्री बाहेरच्या कंपनीचं. माझी सासुरवाडी नवेगाव बांधची. तिथल्या दुपारच्या नाटकात राजा कोण, हा प्रश्नच नसतो. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी.

ब्लॉगवर नवीन काही टाकलं की ते आपोआप वाचकांच्या मेलमध्ये जाऊन पडतं. त्याला फीड म्हणतात. माझ्या फीडमधून लेखाच्या फक्त पहिल्या दोन ओळी जायच्या आणि खाली लिहिलेलं असायचं, 'पुढे वाचा'. आता मला खरं सांगा, तुमच्यापैकी कोण पुढे वाचतो? माझे वाचक म्हणजे सारी सासुरवाडी. मुलीच्या बारशाला पंगतीत बसलेल्यांकडून मी मेल मागून घेतले होते. त्यातला एकही जण दोन ओळींच्या खाली कधी उतरला नाही. मलाही ते ठाऊक होतं. म्हणून मी वर लोणी लावायचो आणि खाली मिरची ठेवायचो.

उदाहरण देतो. वर लिहिलं होतं, 'नवेगाव बांधच्या मंडईचा राजा म्हणजे आमचे मामाजी. काय तो रुबाब, काय तो आवाज!' आणि खाली? 'आवाज आहे, पण पाठांतराच्या नावाने शंख. गेल्या खेपेला राजेसाहेबांनी रणांगणात मरून पडलेल्या सेनापतीला पुढचं वाक्य विचारलं आणि त्या मेल्याने ते सांगितलंही.'

मामाजी वरच्या दोन ओळी वाचून खूश. पानठेल्यावर मोबाईल दाखवत फिरायचे, आमच्या जवायानं लिवलं म्हणून. माझा मान वाढायचा, ताटात मासळीचा मोठा तुकडा पडायचा. सगळं कसं सुखात चाललं होतं!

पण सुख दुखतं ना माणसाला. मला वाटलं, वाचक वाढले पाहिजेत. शेजारच्या दुकानातला पंकज लोकांच्या वेबसाइटी बनवतो, त्याला ब्लॉग दाखवला. तो म्हणाला, "भाऊ, फीड ही अधूरा है. लोकायले पूर्ण लेख द्या ना, तुकडा कायले देऊन राहिले?" शिवाय त्याचं म्हणणं, मथळे असे ठेवा जे लोक सर्चमध्ये टाकतात आणि जुन्या लेखांना आजची तारीख द्या, म्हणजे सर्चला माल ताजा वाटतो.

मी उत्साही माणूस. त्याच दुपारी फीडचं बटन 'संक्षिप्त'वरून 'पूर्ण'वर सरकवलं. सगळे जुने लेख आजच्या तारखेने पुन्हा सोडले. राजाच्या लेखाला मथळा दिला, 'नवेगाव बांध मंडई, नाटक आणि माहिती'. मिरची खाली आहे हे तेव्हा आठवायला हवं होतं की नाही? नाही आठवलं. मी आकडे बघण्यात गुंग होतो.

आणि आकडे वाढायला लागले हो! अर्जुनीहून कोणा काकाचा फोन आला, हसून हसून पोट दुखलं म्हणे. साकोलीच्या चुलत साल्याने पाच ओळींचं उत्तर पाठवलं, त्यात चार ओळी नुसत्या हसण्याच्या. मी पंकजला जिलेबी खाऊ घातली. सर्चमध्ये 'नवेगाव बांध मंडई' टाकलं तर सगळ्यांत वर मीच! यंदाची मंडई कधी आहे हे बघायला जो जो मोबाईल उघडेल, तो तो माझा लेख वाचेल. मला तर हवेत चालल्यासारखं झालं.

घरी आलो तर शालू, म्हणजे माझी बायको, चिवडा परतता परतता मोबाईल वाचत होती. तिने गॅस बंद केला.

"हा मेलेला सेनापती कोनं लिवला?"

मी म्हणालो, ते जुनंच आहे, आधीपासून खाली होतं. म्हणजे बघा, खड्ड्यात पडलो होतोच, वरून मातीही ओढून घेतली. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे दरसाल लिवत होते?" आणि मग रडायलाच लागली. मामाजींनी पूर्ण लेख वाचून नाटक मंडळाला निरोप दिला होता, यंदा मी मुकुट घालत नाही, दुसरा राजा पाहा.

मला खरंच वाईट वाटलं. त्या म्हाताऱ्याला वर्षभरात तेवढा एक दिवस असतो. मी पंकजकडे धावलो, म्हटलं सगळं मागे घे. तो म्हणाला, ब्लॉगवरचं पुसता येईल, पण लोकांच्या मेलमध्ये गेलेलं कसं काढणार? पंगतीत वाढलेली भाजी परत भांड्यात घेता येते का?

दुसऱ्या दिवशी नवेगाव गाठलं. मामाजी घरापुढच्या छपरीत खाटेवर बसले होते. मी पाय धरले, चुकलो म्हटलं, तुम्ही राजा नसाल तर मंडई कसली. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "मी मुकुट घालतो. पन एक वाक्य तुमालेबी बोला लागल, जवाईबापू."

एकच वाक्य! मी शिपाई. भाला घेऊन यायचं आणि म्हणायचं, 'महाराज, घात झाला, शत्रूची फौज वेशीपाशी आली.' मी ते दुकानात पाठ केलं, अंघोळ करताना पाठ केलं, एका गिऱ्हाइकाला वह्यांऐवजी तेच ऐकवलं.

मंडईच्या दुपारी मांडव गच्च भरला होता. माझा लेख वाचून आसपासच्या गावांतले लोकही राजा बघायला आले होते. मामाजी सिंहासनावर बसले आणि काय सांगू, यंदा एक शब्द चुकला नाही. मी धावत आत गेलो, भाला आपटला, छाती काढली.

आणि डोकं कोरं.

समोर शालू, सारी सासुरवाडी, माझे सगळेच्या सगळे वाचक. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडत होता, माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. मी तोंड उघडलं, "महाराज..." आणि थांबलो. पुन्हा म्हणालो, "महाराज..."

मामाजी सिंहासनावरून सावकाश उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा त्या राजाच्या आवाजात म्हणाले, "घाबरू नोका शिपाई. पयल्या दोन ओळीच सांगा. पुढचं कोनी वाचत नाही."