पाणीताईंचा हौद

इस्पितळाच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोल्या ओलांडल्या की एक लांबलचक बोळ लागतो आणि बोळाच्या टोकाला एक जड दार. ते ढकललं की चष्म्यावर वाफ धरते. आत कोमट पाण्याचा हौद आहे. छातीइतका खोल, उतरायला रुंद पायऱ्या, कडेने स्टीलचे कठडे आणि भिंतीच्या पार वर, छताला लागून, आडव्या काचांची रांग. साडेनऊच्या सुमाराला त्या काचांतून ऊन पाण्यावर उतरतं आणि त्याची जाळी छतावर हलत राहते. या हौदात एक बाई बावीसहून जास्त वर्षं रोज चार-पाच तास उभ्या राहत आल्या आहेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. बाकी सगळे त्यांना पाणीताई म्हणतात.

त्या फिजिओथेरपिस्ट. गुडघे बदललेले, कंबर मोडलेले, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले लोक त्यांच्याकडे येत. जमिनीवर जे पाऊल काही केल्या उचलत नाही, ते पाण्यात उचलतं, कारण निम्म्याहून जास्त भार पाणी आपल्या अंगावर घेतं. सकाळी आल्या की त्या आधी पाण्याचं तापमान बघत, मग क्लोरीन तपासत, मग कठडे हलवून बघत. दहाच्या ठोक्याला पहिला पेशंट. "उजवा पाय. आता डावा. घाई नाही, आपल्याला गाडी पकडायची नाहीये."

व्यायाम झाला की शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाला पाण्यावर उताणं झोपवायचं. कमरेला तरंगती पट्टी आणि मानेखाली ताईंचा तळहात. कान पाण्यात बुडाले की माणसाचा चेहराच बदलतो. कपाळावरच्या आठ्या विरघळतात, जबडा सैल पडतो. एक आडदांड गॅरेजवाला तर दर वेळी घोरायचा. ताई त्या चेहऱ्यांकडे बघत उभ्या राहायच्या. छतावरची उन्हाची जाळी पाण्यात दिसायची, पाण्यातली पुन्हा छतावर जायची आणि मधे आपण कुठे आहोत याचा त्यांना विसर पडायचा. कधीकधी वाटायचं, आज मंगळवार आहे की कुठलाच वार नाही. हातातलं डोकं अगदी हलकं असायचं. चाळीस वर्षांचं, सत्तर वर्षांचं, सगळी डोकी पाण्यात सारख्याच वजनाची.

घरी मात्र जिना चढताना त्यांचे स्वतःचे गुडघे कुरकुरत. नवरा छापखान्यात मुद्रितशोधक. बायको दारात आली की वर न बघता म्हणायचा, "आली आमची टाकी." केसांना, ओढणीला, पर्सला, सगळ्याला क्लोरीनचा वास. एका रविवारी दुपारी दोघं आडवे झाले असताना ताईंना डुलकी लागली आणि झोपेतच त्यांनी नवऱ्याच्या मानेखाली तळहात सरकवला. तो हळूच म्हणाला, "अगं, मी अजून धडधाकट आहे." पण हात काही बाजूला केला नाही.

ताई या हौदावर आल्या त्याला कारण मोठ्या मॅडम. तेव्हा त्या विभागप्रमुख होत्या. नाकावर माशी बसू देत नसत. त्या वॉर्डात शिरल्या की शिकाऊ मुली पाठीला काठी बांधल्यासारख्या ताठ व्हायच्या. ताई तेव्हा नवख्या होत्या. एका पेशंटचा पाय कापावा लागला, त्याची बायको रडायला लागली आणि तिच्याबरोबर ताईही रडल्या. मॅडमनी दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाल्या, "तुझे हात चांगले आहेत. पण तू दुसऱ्याच्या दुःखात बुडतेस. उद्यापासून खाली हौदावर जा. तिथे बुडून चालत नाही."

ही शिक्षा आहे असं ताईंनी मनाशी धरलं. सहा महिन्यांत परत वर बोलावतील असं वाटलं होतं. वर्ष गेलं, दोन गेली. मॅडम निवृत्त झाल्या. वरून कुणी बोलावलं नाही आणि कधीतरी ताईंनीही वाट बघणं सोडून दिलं.

मग बाविसाव्या वर्षी एका सकाळी ते जड दार उघडलं आणि चाकांच्या खुर्चीतून मोठ्या मॅडम आत आल्या. मागे त्यांची भाची. मॅडमचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. कंपवात. चालायला उभ्या राहिल्या की पाय जमिनीला चिकटून बसायचे.

ताई पाण्यातून पायऱ्यांपाशी आल्या. "मॅडम, तुम्ही?"

"का? मला म्हातारं व्हायची बंदी आहे?"

पाण्यात उतरल्या उतरल्या त्यांनी चुका काढायला सुरुवात केली. "अंगठा कुठे ठेवलायस? हे धरणं झालं का? पिशवी धरतात अशी." ताई निमूटपणे अंगठा हलवायच्या. काठावर टॉवेल घेऊन बसणाऱ्या मावशी, ज्या पेशंटना कपडे बदलायला मदत करत, त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, तुमच्या दोघींतलं पेशंट कोण ते एकदा सांगून ठेवा. मी टॉवेल कुणाला देऊ?" मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

पाण्यात त्यांचे पाय सुटले. पहिल्या आठवड्यात चार पावलं, मग सात, मग कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण शेवटच्या पाच मिनिटांना त्यांची एकच गोष्ट ठरलेली: "ते झोपायचं वगैरे मला नको. वर काढ." ताईंनी आग्रह केला नाही. असे सहा आठवडे गेले.

सातव्या आठवड्यात एक दिवस मॅडम कठडा धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मावशी टॉवेल आणायला गेल्या होत्या. पंपाच्या घुमण्याशिवाय आवाज नव्हता. मॅडम पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मला भीती वाटते. शेकडो लोकांच्या कागदावर मी लिहिलं, पाण्यातले व्यायाम, आठवड्यातून तीनदा. स्वतः मात्र कधी या पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं."

ताईंनी फक्त तळहात पाण्याखाली धरला आणि वाट बघितली. पुष्कळ वेळ गेला. मग ते पांढऱ्या केसांचं डोकं हळूहळू मागे आलं, हातावर टेकलं, कान बुडाले, पाय आपसूक वर आले. मांडीवर दिवसरात्र थरथरणारा हात पाण्यावर पानासारखा पडून राहिला. थांबत थांबत तो जवळजवळ स्थिर झाला. ताईंनी आपला श्वासही बेताने घेतला.

वर आल्यावर मॅडमनी विचारलं, "कान बुडाल्यावर तो आवाज येतो, तो कसला गं?"

"कसला आवाज?"

"म्हणजे? तुला माहीत नाही?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"तू कधी झोपलीच नाहीस या पाण्यात?"

"धरणार कोण, मॅडम?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या पाण्याखालच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून बसल्या आणि डावा तळहात पुढे केला. "ये."

मावशी परत येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "काही भलतंसलतं झालं तर मला पोहता येत नाही, आधीच सांगते."

पाणीताई झोपल्या. मान एकदम सैल सोडणं काही जमेना. बावीस वर्षं इतरांना जे सांगितलं तेच मॅडम सांगत होत्या, "सोड. मान सोड. मी आहे." आणि मग कान बुडाले.

आवाज होता खरा. पंपाचा लांबून येणारा गुणगुणाट आणि त्याखाली स्वतःचं काळीज, कुणीतरी शेजारच्या घरात शांतपणे काहीतरी कुटत असल्यासारखं. छतावरची जाळी आता त्यांच्या अंगावर होती. हात कुठे संपतात, पाणी कुठे सुरू होतं, कळेना. सगळी डोकी, जी त्यांनी एवढी वर्षं धरली होती, ती आजूबाजूला तरंगताहेत असं वाटलं. गॅरेजवाला, कंबर मोडलेली शिक्षिका, पाय गेलेल्या त्या माणसाची रडणारी बायकोसुद्धा. कुणीच बोलत नव्हतं. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. मानेखालची डाव्या हाताची बोटंसुद्धा बारीक कापत होती आणि तो कंप पाण्यातून पाठीपर्यंत येत होता, झोपलेल्या मांजराच्या घुरघुरीसारखा.

उठून बसल्यावर त्यांनी बावीस वर्षांचा प्रश्न विचारून टाकला. "मॅडम, तेव्हा मला शिक्षा म्हणून खाली पाठवलंत ना?"

"शिक्षा? छे. माणूस नाही म्हणून हौद बंद करायला निघाले होते. कुणीतरी लगेच हवं होतं, आणि तू नाही म्हणणाऱ्यातली नव्हतीस." त्या जरा थांबल्या. "पण हात चांगले आहेत म्हटलं होतं ते खरं. ते मी उगाच कुणाला म्हणत नाही."

ताईंना आधी तोंडात मारल्यासारखं झालं, मग हसू फुटलं, ते थांबेचना. मावशींनी दोघींवर एकेक टॉवेल टाकला आणि पुटपुटत निघून गेल्या.

मॅडम आठ महिने येत राहिल्या. त्या महिन्यांत घरी वॉकर धरून स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत चालायला लागल्या. पण कंपवात मागे हटणारा आजार नव्हे. पुढे गिळायला त्रास होऊ लागला, पाण्यात उतरवणं धोक्याचं झालं. मग ताई रविवारी त्यांच्या घरी जायच्या, पलंगाशी बसून मान सैल करून द्यायच्या. मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तरी त्या अंगठ्याची जागा सांगायच्या. पुढच्या वर्षी एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या. भाचीने सगळ्यात आधी ताईंना कळवलं. त्या दिवशी ताई रडल्या आणि कुणापासून तोंड लपवलं नाही.

त्यानंतर हौदावर एक नवीन नेम सुरू झाला. शिकाऊ मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला पेशंटला हात लावू द्यायचा नाही. तिने आधी स्वतः झोपायचं, ताई धरणार. बहुतेक मुली लाजतात, काही खुदखुदतात. परवा आलेली एक मुलगी मात्र झोपली ती झोपलीच. ताईंनी खांद्याला हात लावला तेव्हा तिने सावकाश डोळे उघडले.

"ताई, किती वेळ झाला?"

"चार मिनिटं."

"मला वाटलं, मी खूप लांब जाऊन आले."

"पुन्हाही जाऊन ये," ताई म्हणाल्या. "पण आता ऊठ. दहाचे पेशंट दारात आलेत, आणि त्यांचा डावा गुडघा फार रागीट आहे."