ऑलिव्हचा चोथा आणि पंचवीस किलो चटणी

निवृत्त शिक्षकाच्या हाती मोबाइल आणि रिकामी गच्ची एकाच वेळी लागू देऊ नये. सोलापुरात तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवून मी घरी बसलो, तेव्हा माझ्याकडे या दोन्ही गोष्टी होत्या. आणि मधल्या मध्ये सापडली माझी बायको!

शालन शेंगा चटणी करते. उखळात, तेल सुटेपर्यंत कुटलेली. दहा वर्षं तिची चटणी गल्लीबाहेर गेली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका दुकानदाराने एकदम पंचवीस किलोंची ऑर्डर दिली आणि तिच्या नावाची लेबलं छापून आली. ती लेबलं तिने शेजारणींना लग्नपत्रिकेसारखी घरोघरी जाऊन दाखवली. दुकानदाराची अट मात्र विचित्र होती. चटणी दोन महिने खवट होता कामा नये, आणि टिकवायचं औषधही घालायचं नाही.

"दाण्याचं तेल आहे वो ते, महिन्यानंतर वास मारणारच की!" शालन रडकुंडीला आली. "जाऊ दे ती ऑर्डर."

"जाऊ दे काय? घरात रसायनशास्त्र असताना?" (रसायनशास्त्र म्हणजे मी.)

मी नुकतंच मोबाइलवर वाचलं होतं. ऑलिव्हचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो लोक फेकून देतात, पण फळातली बरीचशी गुणी द्रव्यं त्या चोथ्यातच राहतात! ती काढून घेतली तर तेलाला खवट होऊ देत नाहीत, आणि सगळं नैसर्गिक. माझा भाचा राजस्थानात ऑलिव्हच्या तेलाच्या कारखान्यात नोकरीला आहे. लावला फोन.

"मामा, तेल पाठवू का?"

"तेल राहू दे. चोथा पाठव. पोतंभर."

पलीकडून हळूच, "मामी बऱ्या आहेत ना?"

पोतं आलं. मी गच्चीवर शेगडी मांडली, मोठ्या पातेल्यात चोथा उकळला, दोन कोऱ्या टॉवेलांतून गाळला (टॉवेल तेव्हापासून चॉकलेटी आहेत) आणि ते काळं पाणी आटवायला ठेवलं. तासाभरात समोरच्या बिल्डिंगमधून हाक आली, "सर, तुमच्याकडं ड्रेनेज फुटलंय का?"

"हा विज्ञानाचा वास आहे!" मी कठड्यावरून ओरडलो. पटापट चार खिडक्या बंद झाल्या.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं, हा प्रश्न मेहुण्याने सोडवला. दत्ता, शालनचा धाकटा भाऊ, जेऊरला शेती करतो. तो सहज भेटायला आला होता. "घाण्यातनं निघालं म्हंजी पेंडच की, दाजी! म्हशीला घालतो." आणि पोतं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"दाजी, म्हशीनं टोपलं उलथं केलं वो! आन माज्याकडं पाठ करून हुबी हाय. सकाळधरनं!"

खरं तर इथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण म्हशीला रसायनशास्त्रातलं काय कळतं?

सोलापूरच्या उन्हाने दोन दिवसांत त्या पाण्याची पूड केली. डबाभर. किती घालायची, हे त्या लेखात नव्हतं, पण दोन महिने टिकवायचं म्हटल्यावर हात आखडता घेऊन कसं चालेल? पंचवीस किलो चटणी तयार झाली, तसा मी डबा घेऊन हजर!

"नक्की ना?" शालनने विचारलं. "माझी पहिलीच ऑर्डर आहे वो."

"शंभर टक्के."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी अख्खा डबा रिकामा केला आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं.

आता तुम्ही विचाराल, चाखून नाही का बघितलं? नाही! एक तर तीस वर्षं मी पोरांना दटावत आलो की प्रयोगातली वस्तू जिभेला लावायची नाही. आणि दुसरं म्हणजे शालनचा नियम, पहिली वाटी देवापुढे ठेवल्याशिवाय नव्या चटणीला बोट लावायचं नाही. शास्त्र आणि धर्म दोघेही माझ्या बाजूने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, नैवेद्य दाखवला. देवाने काही तक्रार केली नाही. मग शालनने प्रसाद म्हणून चिमूटभर तोंडात टाकली. तिचा एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. डबे टेम्पोपर्यंत पोचवायला दत्ता आला होता. त्याने बहिणीचं तोंड बघूनही धीटपणे कडक भाकरीवर चटणी घेतली, आणि तांब्याभर पाणी प्यायल्यावरच त्याला वाचा फुटली.

"अक्का, म्हस शानी हाय आपली."

मी म्हणालो, "ही गुणी द्रव्यं जरा कडूच असतात. थोडा गूळ घातला तर..."

"अहो," शालन म्हणाली, "तुम्ही तिकडं बसा." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लेबलांच्या गठ्ठ्याकडे बघत होती. तीस वर्षांत मी पोरांकडून पुष्कळ काचसामान फुटलेलं पाहिलं, पण इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

पुण्याचा टेम्पो संध्याकाळी सुटणार होता. तिने पदर खोचला आणि दुकानदाराला फोन लावला. "औषध नाही, काही नाही. चटणी एक महिना टिकेल. पण त्याच्या आत संपेल बघा." इतक्या ठामपणे मी वर्गातही कधी बोललो नव्हतो. दुकानदार गुमान हो म्हणाला! दत्ता सात रस्ता चौकातल्या दुकानातून शेंगदाण्याचं पोतं घेऊन आला. चार शेजारणी आपापले खलबत्ते घेऊन आल्या. मला लसूण सोलायला बसवलं. टेम्पो सुटायच्या आत पंचवीस किलो नवी चटणी डब्यांत गेली, लेबलं लागली, आणि शालन हसली. माझ्याकडे बघून नव्हे, पण हसली. तीन आठवड्यांत पुण्याहून दुसरी ऑर्डर आली.

आणि माझी कडू चटणी? ती घरीच आहे. अन्न टाकायचं नाही, असा शालनचा निकाल आहे, आणि प्रयोग ज्याचा त्यानेच तो संपवायचा आहे. आज चार महिने झाले. खवटपणाचं नाव नाही, रंग तसाच, वास तसाच. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. फक्त जेवताना सांगू शकत नाही, कारण तेव्हा माझे दोन्ही डोळे मिटलेले असतात.