दोन ओळी आणि तू

आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. मी लहान असताना हे फक्त ऐकलं होतं. आमच्या घरी आई सर्रास 'किती पानं वाढू गं, सात की आठ?' असं विचारायची आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. पण मुळशीच्या त्या उन्हाळी शिबिरात आमचे धर्मशिक्षक सर, वय जेमतेम तीस, बाहेरदेशी शिकून दाढी राखून आलेले, त्यांनी पहिल्याच सकाळी हा नियम लावला. एक-दोन-तीन म्हणायचं नाही. प्रार्थनेतली एक ओळ आहे, बरोबर दहा शब्दांची. ती चालीवर म्हणायची आणि एकेका मुलाच्या खांद्यावर एकेक शब्द ठेवायचा. ओळ पूर्ण झाली की दहा. मुलं वीस होती, म्हणजे दोन ओळी. मोजायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज मोठा आणि शाळेत बावीस वर्षं हजेरी घेतल्याची सवय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. पुण्यात, ठाण्यात, अलिबागकडे मिळून मूठभर घरं उरली आहेत, बाकीची विमानात बसून इस्रायलला गेली. उरलेल्यांची पोरं एकमेकांना ओळखत तरी असावीत म्हणून मे महिन्यात आठ दिवस हे शिबिर. धरणाच्या पाण्याकाठी एका शेतकऱ्याने बांधलेला बंगला भाड्याने घेतलेला. सकाळी तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, आणि हिब्रू अक्षरं, दुपारनंतर डोंगर, पाणी, करवंदं. बंगल्याच्या मालकाला सगळे मामा म्हणायचे. मामांनी वरच्या पठाराजवळची जमीन बंगलेवाल्यांना विकून टाकली होती, आणि त्याबद्दल ते रोज एकदा तरी पस्तावायचे.

एकविसावी मुलगी तिसऱ्या दिवशी आली. तेरा वर्षांची, बारीक चणीची, भुवया जोडलेल्या. वडील आमच्यातले, बावधनला राहणारे, माझ्या ओळखीचे. आई मराठा. वडिलांनी फोनवर मला विचारलं, 'चालेल ना?' आणि मी म्हटलं, 'चालेल म्हणजे काय! पाठवून दे.' सरांना विचारायचं मला सुचलं नाही, खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण विचारलं नाही.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तिला राहू दे, शिकू दे, जेवू दे. पण वंश आईकडून मानतात. शुक्रवारी दिवा लावून आशीर्वाद म्हणणं तिच्याकडून करवून घेऊ नका."

"तिला हे कोण सांगणार? तुम्ही?" मी म्हटलं.

"वेळ आली तर मीच सांगेन. तुमच्यावर नाही टाकणार," ते शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणाच मला चिडवायचा.

तर त्या दिवसापासून मोजणीत दोन ओळी पूर्ण झाल्या की ही एकटी उरायची. तिच्यासाठी शब्द नव्हता. मी तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "आणि तू!" ती हसायची. पहिल्यांदा जरा लाजून, मग ऐटीत मान पुढे करून. डोंगरावर मुलं जोडी-जोडीने चालायची, तिला जोडी उरली नव्हती म्हणून तिची जोडी माझ्याशी. मला वाटत होतं, बघा, मी कशी तिला सामावून घेतेय. स्वतःवर फार खूश होते मी.

शुक्रवारी पठारावर गेलो. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, सूर्यास्ताला लागतो आणि मग विस्तव, फोन, गाडी काही चालत नाही, म्हणून पाचपर्यंत खाली यायचं, आंघोळी, पांढरे कपडे, मग दिवे, असं ठरलेलं. सगळ्यांचे फोन दुपारीच गोळा करून पेटीत कुलूपबंद केले होते, किल्ली सरांच्या खिशात. वर दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, त्याच्या सावलीत मुलांनी डबे खाल्ले आणि मग ती करवंदांच्या जाळीत घुसली. मी आणि सर टाक्याच्या अलीकडे उभे होतो. मी सांगून टाकलं की आज संध्याकाळी ती दिवा लावणार, मी तिला शब्द दिलाय.

"ताई, हे असं नाही चालत."

"का नाही? तिने तीन दिवसांत सगळी अक्षरं पाठ केली. तुमच्या त्या ठाण्याच्या पोरांना अजून उजवीकडून वाचायचं कळत नाही."

"प्रश्न हुशारीचा नाहीये."

मग माझा तोल गेला. तसा तो नेहमीच जातो. मी हात उडवून म्हटलं, "बरं बाई! धरूच नका तिला. वीसच आहेत म्हणा, नि मोकळे व्हा!"

हे मी रागाने, टोमण्याने म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला टोमणा कळायला समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो.

चार वाजून गेले होते. मुलांना हाका मारून गोळा केलं. कुणाच्या ओंजळीत करवंदं, कुणाच्या बुटाचा तळ सुटलेला, दोन पोरी भांडत होत्या. मी चालीवर ओळ म्हणत खांद्यांवर हात ठेवत गेले. एकदा. दुसऱ्यांदा. शेवटचा शब्द एका लांबड्या मुलाच्या खांद्यावर पडला, चाल आपल्या जागी येऊन थांबली, आणि माझ्या मनाने मान डोलावली. झालं. पूर्ण. नुसता आकडा म्हटला असता तर 'वीस' तोंडातून निघताच जीभ अडखळली असती. ओळ पूर्ण झाल्यावर कुणी अडखळत नाही.

मी पुढे निघाले, सर सगळ्यांच्या मागे. मला वाटलं, ती रुसून मागे मुलींत असेल. सरांना वाटलं, ती माझी जोडी, माझ्याबरोबर पुढे असेल.

खाली आल्यावर नुसती धावपळ. बाथरूमच्या बाहेर रांगा, किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, प्याल्यासाठी मनुका भिजवून पिळून काढलेलं सरबत गाळायचं राहिलेलं, नारळाच्या दुधातली कोंबडी चुलीवर लागायला आलेली. ओट्यावर मी दिवे मांडले, काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. प्रत्येक मुलीला एक. आणि सर काय म्हणायचे ते म्हणोत, म्हणून एक तिचाही, मुद्दाम मधोमध.

मुली ओढण्या डोक्यावर घेऊन आल्या. एकेकीने वात पेटवली, डोळ्यांवर हात धरले. सूर्य डोंगराला टेकला होता. मधला दिवा तसाच राहिला. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"ती कुठाय?" मी विचारलं.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "आंटी, ती तर तुमच्याबरोबर होती ना?"

मी बाथरूमची दारं वाजवली, गच्चीवर जाऊन आले, पाण्यापर्यंत धावत गेले आणि पाण्याकडे बघायची मला भीती वाटली. परत आले तेव्हा सर पांढऱ्या शर्टात अंगणात उभे होते. मी म्हटलं, "पठारावर. ती पठारावर राहिली. मी तिला मोजलंच नाही."

त्यांनी खिशातून किल्ली काढून पेटी उघडली, स्वतःचा फोन चालू केला, बॅटरी घेतली आणि ओरडले, "मामा, पिकअप काढा!"

माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, निघालं, "सर, शब्बाथ लागलाय."

"जिवापुढे शब्बाथ नाही. बसा, ताई."

मावशींना, म्हणजे मामांच्या बायकोला, मुलांजवळ बसवून आम्ही निघालो. डोंगराच्या मागच्या अंगाने बंगलेवाल्यांनी प्लॉट दाखवायला जेसीबीने रस्ता काढलाय, तो जवळजवळ टाक्यापर्यंत जातो. मामा पिकअप अशी हाणत होते की डोकं टपाला आपटत होतं. उजेड भराभर कमी होत होता. त्या पठाराची एक बाजू सरळ तुटलेली आहे. दुपारी मीच मुलांना तिथून मागे ओढलं होतं.

"एकलं लेकरू सोडून आलाच कसं तुमी?" मामा म्हणाले. "तितनं दोन वाटा फुटत्यात. चुकीची धरली म्हंजे थेट कड्यावं."

सर म्हणाले, "चूक माझी. मागे मी होतो. ती कोण, कुठल्या घरची, यातच माझं डोकं होतं."

"पोर बापाची का आईची, ह्ये बगायची येळ हाय व्हय ही? लेकरू घावलं की मंग करा काय त्ये."

तिचे वडील माझ्या डोळ्यांसमोर आले. 'चालेल ना?' असं विचारणारे. त्यांना आता काय सांगू? तुझी मुलगी माझ्या दोन ओळींत बसली नाही, असं सांगू? मी मोठ्याने रडायला लागले. सरांनी खिडकीतून बाहेर बॅटरी धरली होती आणि ओठ हलत होते.

रस्ता संपला तिथे गाडी थांबली. आम्ही तिच्या नावाने हाका मारत धावलो. आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला आणि मग काहीच नाही. मी कड्याच्या बाजूला वळले, तेवढ्यात मामा ओरडले, "हाय! हितं हाय पोर!"

ती टाक्याच्या पलीकडे दगडाला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी, एक कोपर सोललेला, मांडीवर रुमालात करवंदं. चांगली, धडधाकट. आणि मी, जिने तिला गळ्याशी धरायला हवं होतं, तिच्यावर खेकसले, "अक्कल आहे का तुला? हाका ऐकू येत नव्हत्या? निघताना आली का नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रडून झालेलं होतं तिचं, केव्हाच.

"मी इथेच होते," ती म्हणाली. "तुम्ही सरांशी बोलत होतात तेव्हा पण. वीसच आहेत म्हणालात."

"अगं, ते मी..."

"मग तुम्ही ओळ म्हटली. मी इथून ऐकत होते. दोनदा म्हटली. मला वाटलं, आता 'आणि तू' म्हणाल, मग येईन." ती थांबली. "म्हणालाच नाहीत."

मग तिने सांगितलं की सगळे गेल्यावर ती घाबरून मागे धावली, वाट दोन ठिकाणी फुटलेली दिसली, पडली, आणि परत इथेच येऊन बसली, कारण ही जागा तरी ओळखीची होती. मी तिचा हात धरायला गेले. तिने सोडवून नाही घेतला, पण धरलाही नाही. सर तिच्यासमोर चक्क मातीत गुडघे टेकून बसले, पांढऱ्या पँटसकट. म्हणाले, "चल, बेटा. वाट बघताहेत सगळे. जेवायचे थांबलेत."

खाली आलो तेव्हा मुलं खरंच जेवायची थांबली होती. मधला दिवा तसाच होता आणि आता तो कुणालाच लावता येणार नव्हता. सरांनी किद्दुशचा प्याला आधी तिच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला आणि पुढे सरकवला.

शनिवारी रात्री, शब्बाथ सुटल्यावर, मी तिच्या वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते म्हणाले, तिला दे. ती फोनवर एवढंच म्हणाली, "नको येऊस, बाबा. उद्या सगळ्यांबरोबर येईन."

रविवारी निघताना बस दारात उभी होती. मी सवयीने पुढे झाले. सर म्हणाले, "आज ती मोजेल."

तिने पहिला शब्द स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटला. मग एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत गेली. चाल तिची माझ्यापेक्षा चांगली होती. दोन ओळी संपल्या आणि तो लांबडा मुलगा उरला. तो कावराबावरा होऊन म्हणाला, "ए, आणि मी?"

"आणि तू," ती म्हणाली. सगळे हसले. ती पण हसली.

मग सरांपाशी गेली. "आणि तुम्ही."

त्यांच्या शेजारी मी उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं, नीट, पुरेसा वेळ. मग बसची पायरी चढून आत गेली.